सशाचे कान राहिलेत

ताई, तुला नमस्कार आणि छोटीच्या गालाला एक पापा.

मी बरी आहे. खोलीतल्या बायका मायाळू आहेत, जेवणही वेळेवर होतं. दिवसभर इस्पितळाच्या चादरींना शिलाई मारते. सुट्टीला मुकादम यंदाही नाही म्हणाले. बघू. भावजींचा खोकला थांबला का?

तुझा निरोप मिळाला. छोटीला नवे फ्रॉक घेतलेस, आता जुने ठिगळ लावायला पाठवणार नाहीस, म्हणजे मला तेवढाच आराम. तुझं मन मोठं आहे गं. पण मला तो आराम नको.

मागच्या फ्रॉकला मी बदकाचं ठिगळ लावलं होतं. छोटी त्याच्यावर हात ठेवून झोपते, ‘आईचं बदक’ म्हणते, असं तूच सांगितलंस. माझ्या पोटची असून फोनवर मात्र ती मला मावशी म्हणते. तुला आई म्हणते, त्याचं मला वाईट वाटत नाही. खरंच नाही.

आता ससा कापून ठेवलाय, उरलेल्या कापडाचा. फक्त कान टाचायचे राहिलेत.

नवा फ्रॉक फाटला नसेल, तर घेराला तूच जरा कात्री लाव. रागावू नकोस. पण पाठव.

तुझी धाकटी