रिकाम्या बोटीचा वेग

आई,

यंदाच्या पुरात माझ्यामुळे नऊ माणसांवर बुडायची वेळ आली होती, थोडक्यात वाचली. चार आठवडे झाले त्याला. तू जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुला काही लिहावंसं वाटलं नव्हतं. तूच म्हणाली असतीस, कागद कशाला नासतेस. पण सांगितल्यावर ज्याला पूर्ण समजेल असं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

तांबट आळीतल्या आपल्या दोन खोल्या मला अजून जशाच्या तशा दिसतात. स्टीलची भांडी आली, घंगाळांना गिऱ्हाईक राहिलं नाही, बाबा गेले, आणि तू धरणावरच्या एका बोट क्लबचे वाकलेले पंखे दुरुस्तीला आणायला लागलीस. बोटीच्या मागे जे सुटं इंजिन लटकवतात, त्याचा पाण्यातला पंखा. धरणाचं पाणी उतरलं की तो खडकांवर आपटायचा आणि पाती मुडपायची. सकाळच्या पोळ्या झाल्या की तू तवा उतरवून त्याच शेगडीवर पंखा ठेवतेस, पात्यावर कपड्याच्या साबणाची रेघ ओढतेस आणि मला बजावतेस, "रेघ काळी पडली की हाक मार. उशीर केलास तर वितळेल." मी शाळेच्या गणवेशात त्या रेघेवर डोळे लावून बसते. मग तू सांडशीत धरून तो ठोकळ्यावर घेतेस आणि लाकडी हातोडीने पातं वळवायला लागतेस, घंगाळावर ठोक्या-ठोक्याने मठाराची नक्षी उमटवावी तशी, एका लयीत. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, "अहो, तुमच्या पोळ्यांना साबणाचा वास येत नाही का?" तू मान वर न करता म्हणालीस, "येतो ना. तुम्ही जेवायला आलात तर धुऊन वाढीन."

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. पात्यांना पीळ जास्त दिला की पंखा एका फेऱ्यात बोटीला जास्त पुढे ढकलतो, हे मी नुकतंच शिकले होते. तू मंडईत गेली होतीस. तेवढ्यात मी क्लबच्या पंख्याची तिन्ही पाती तापवून पीळ वाढवून ठेवला. तू आलीस आणि भाजीची पिशवी हातात असतानाच ओळखलंस.

"हे कुणाला विचारून केलंस?"

"पुस्तकात दिलंय. बोट जास्त जोरात पळते असं केलं की."

"पुस्तक बसणार आहे का बोटीत?" तू पिशवी खाली ठेवलीस. "रविवारी त्या बोटीत माणसं कोंबून बसवतात. भरल्या बोटीला एवढा पीळ झेपत नाही. इंजिन नुसतं धापा टाकतं आणि बोट जागची हलत नाही. आधी विचारायचं, बसणार किती. मग हातोडी उचलायची."

जेवायच्या आत तू पाती पुन्हा पहिल्यासारखी केलीस. मी फुरंगटूनच जेवले. खरं सांगते, मला तेव्हा वाटलं होतं की आईला यातलं शास्त्र काही कळत नाही, नुसती सवय आहे.

आता सदाशिव पेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर माझं छोटं वर्कशॉप आहे. बहुतेक काम पाण्याच्या पंपांचं. पावसाळ्याच्या तोंडावर नदीकाठच्या एका बचाव पथकाचे प्रमुख माझ्याकडे आले. निवृत्त शिक्षक, फार सरळ माणूस. म्हणाले, "मॅडम, आमची बोट फार हळू जाते. मागच्या पुरात आम्ही पोचेपर्यंत लोक गच्चीवर भिजत बसले होते. काही करता येईल का?" मी म्हणाले, "येईल की." एवढंच. पुढे काही विचारलं नाही. पातं तापवलं, पीळ वाढवला, पाणी निसटू नये म्हणून मागच्या कडेला किंचित वळण दिलं. काम देखणं झालं होतं. धरणाच्या पाण्यावर आम्ही बोट चालवून पाहिली. बोटीत ते आणि मी, दोघंच. बोट अशी सुटली की सर एका हाताने टोपी धरून लहान मुलासारखे हसायला लागले. मला तुझीच आठवण झाली. मनात म्हटलं, बघ, पळाली की नाही?

जुलैत धरणातून पाणी सोडलं. सकाळी दहाच्या सुमाराला मुठेचं पाणी काठच्या एका सोसायटीत शिरल्याचं कळलं आणि मी गेले. मदतीला गेले असं म्हणता येणार नाही, माझा पंखा कसा चालतो ते बघायला गेले. प्रमुख आणि त्यांचा एक सोबती बोट घेऊन निघाले. लालसर पाण्यातून ती सरळ कापत गेली, पाहता पाहता सोसायटीपाशी पोचली. काठावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांनी सात जणांना उतरवून घेतलं आणि बोट वळली.

मग तो आवाज आला. बाकी कुणाच्या आधी मला कळलं, आई. इंजिन घरघरत होतं, पण फेरे वाढत नव्हते. बोटीचं नाक वर उठलं, मागची बाजू पाण्यात बसली, आणि प्रवाहाने तिला आडवी करून पुलाकडे ओढायला सुरुवात केली. नऊ माणसं. मला त्यांचे चेहरे दिसत होते. शेजारची बाई मला हलवून काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. पुलाच्या अलीकडे एक मोठं झाड अर्धं पाण्यात होतं. सरांनी त्याला दोर टाकला, तो अडकला, आणि बोट खोडावर आदळली. एका आजींचा हात मध्ये सापडला. अर्ध्या तासाने दुसरी बोट आली, तेव्हा सगळे बाहेर निघाले.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "इंजिनाने दगा दिला हो. पण तुमच्या पंख्याने जाताना काय वेग दिला! आम्ही तुमचा सत्कार करायचा ठरवलाय." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. "सर, इंजिन चांगलं आहे. पंखा चुकला. मी चुकीचा केला." जमेल तेवढ्या साध्या शब्दांत सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "म्हणजे जुन्या पंख्यावर आम्ही नीट आलो असतो?"

"हो. जाताना हळू गेला असतात. पण नीट आला असतात."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "बसणार किती, ते मीही सांगितलं नाही." आणि थोड्या वेळाने, "आजींना तुम्ही सांगणार, की मी सांगू?"

मीच गेले. आजींचा हात प्लास्टरमध्ये होता. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटलं मीच हात वेळेवर आत घेतला नाही. सुनेला तसंच सांगत होते रोज." सून दारात उभी होती. मी बाहेर पडल्यावर तिने दार जरा जोरात लावलं. पंखा मी पुन्हा उतरवलाय, पीळ कमी केलाय, आणि बोटीत नऊ माणसांच्या वजनाची वाळूची पोती ठेवून चालवून पाहिलाय. पथकाने तो घेतला. सत्काराचा विषय पुन्हा निघाला नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट मी सरांना सांगितलेली नाही, आजींनाही नाही. बोट आडवी झाली तेव्हा काठावरचे सगळे ओरडत होते. मी ओरडले नाही. त्या क्षणी माझ्या मनात ती माणसं नव्हती. पंखा माझा आहे हे तिथे कुणाकुणाला ठाऊक आहे, ते मी मोजत होते.