बाळाच्या नाकातली नळी

प्रिय भिंगरी,

तुझा फोन बंद आहे, म्हणून हे कागदावर. डब्याबरोबर जावईबापूंच्या हाती देते आहे. आधी जेव, मग वाच. उलटं करशील हे ठाऊक आहे मला.

घरी ठीक. थोरलीची वेणी मी घालते आणि "आईची अशी वाकडी नसते गं आजी," म्हणून रोज बोलणी खाते. भावाचं नाव तिनं 'मूठभर' ठेवलंय. मी हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. काचेच्या पेटीतलं ते पोर, नाकातून पोटात गेलेली दुधाची नळी, हाताला चिकटपट्टीनं बांधलेली दुसरी. डोळ्यांपुढून हलतच नाही. माझाही जीव टांगणीलाच आहे बाई.

फोन बंद करण्याआधी तू जे वाचलंस, ते जावईबापूंनी मला समजावलं. प्लॅस्टिकची नळी मऊ राहावी म्हणून तिच्यात काहीतरी मिसळतात, ते हळूहळू सुटतं आणि बाळाच्या अंगात जातं. वेळेआधी आलेला जीव, त्याचं सगळं अजून घडायचंय. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. नवी बादली असो की बाटली, गरम पाण्यानं धुऊन उन्हात ठेवायची, वास गेल्याशिवाय वापरायची नाही. लहानपणी तू प्रत्येक बाटलीत नाक घालून "अजून येतोय गं!" म्हणून ओरडायचीस. परवाही तेच केलंस. सिस्टरनं ठेवलेलं नळीचं बंद पाकीट फोडलंस, हुंगलंस आणि धुवायला निघालीस. उघडी नळी काय कामाची, फेकावी लागली. सिस्टर रागावली ना? रागावू दे. मी असते तर मीही हुंगलंच असतं.

म्हणून काल मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. तू कोणाशी बोलत नाहीस, जावईबापू नुसती मान डोलावतात, म्हटलं आपणच जावं. विचारलं, बाई, नळी धुऊन उन्हात ठेवली तर? त्या हसल्या नाहीत हं. म्हणाल्या, "आजी, त्या पदार्थाला वास येत नाही. आणि गरम पाण्यानं ते जास्तच सुटतं." घ्या! इतकी वर्षं मी बाटल्या मांडत बसले. मग सरळच विचारलं, माझ्या नातवाला यानं काय होईल? त्या म्हणाल्या, "नक्की किती अपाय होतो, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तुमची लेक उगाच घाबरलेली नाही. नळ्या काढल्या तर मात्र बाळ तग धरणार नाही." खोटा धीर दिला नाही, म्हणून भरवसा वाटला. तो पदार्थ नसलेली दुधाची नळी मिळते. ती मागवून आज सकाळी त्यांनी बदललीसुद्धा. रक्त चढवायची अजून जुनीच आहे. तिच्या मागे लागते म्हणाल्या. मी त्यांच्या मागे लागणार आहे. चिवट म्हातारी म्हणेनात का.

आता, हे लिहायला बसले ते कशासाठी, ते सांगते. दूध येतच नाही असं तू सगळ्यांना सांगितलंस. पण तू ते काढून बेसिनमध्ये ओततेस, हे सिस्टरनं पाहिलंय. जिन्यात मला बाजूला घेऊन तिनं सांगितलं. जावईबापूंना मी काही बोललेले नाही. दुधातल्या स्निग्धपणामुळे नळीतलं ते जास्त ओढलं जातं, हे वाचलंस आणि मनाशीच ठरवून टाकलंस, की आपलंच दूध बाळाला बाधतंय. अगं वेडे, त्याला देतात त्या वरच्या दुधातही स्निग्धपणा असतोच की! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बदलायची ती नळी, आईचं दूध नव्हे. त्याला इतकं जपणारं दुसरं काही त्यांच्या कपाटात नाही. भीती जाईल तेव्हा जाईल, माझीही गेलेली नाही, पण तोवर दूध आटलं तर कुठून आणायचं? चुकलं म्हणू नकोस, कोणाला काही समजावत बसू नकोस. आत्ताचं दूध तेवढं सिस्टरच्या हातात दे.

तुझ्याइतकीच घाबरलेली,
तुझीच आई