भावोजी, नऊ सालची गाडी घेऊ नका

पनवेल, मार्च २०१६

तीर्थस्वरूप शैलेशभावोजींना दीनानाथचा साष्टांग नमस्कार. (तुम्ही दिलेल्या गाडीनेही घातला, ते पुढे येईल.) तुमची शुगर कशी आहे? कोमलताईचे गुडघे? तुमची द्रोणागिरीची गोदामं भरलेली आहेत ना? इकडे आई ठणठणीत आहे. आमच्या लेकीच्या, मनस्वीच्या लग्नात नवरदेवाला मोठ्या गाडीतूनच आणू, असा शब्द रोडपालीच्या व्याह्यांना देऊन बसलोय आणि धड चालणारी गाडी नाही, एवढं सोडलं तर सगळं क्षेमकुशल.

फोनवर तुम्ही विचारलंत, की पुन्हा तशीच परदेशी गाडी सेकंडहँड घ्यायची तर कुठल्या सालचं मॉडेल टाळावं. माझ्याएवढा जाणकार तुम्हाला दुसरा कुठे भेटणार? सात सालचं नको, त्याचा गिअर स्वतःच्या मर्जीने पडतो. आठ सालच्या गाडीच्या काचा खाली गेल्या की वर यायचं नाव घेत नाहीत. हे ऐकीव. नऊ सालचं मात्र अनुभवाचं, कारण ते तुम्हीच मला दिलंत, ‘घरातली गाडी घरातच राहू दे’ म्हणून. आता जावयाने दिलेल्या वस्तूचं बॉनेट उघडून बघणं आमच्यात शोभत नाही. मी उघडलं नाही.

पूजेसाठी ती पहिल्यांदा गावदेवीपुढे नेली. नारळ फुटायच्या आत फुस्स आवाज झाला आणि गाडी नाक जमिनीला टेकवून बसली. (तिचं सस्पेन्शन हवेवर चालतं म्हणे. हवा बहुधा तुमच्या उरणलाच राहिली.) देवळात दिवाबत्ती करणारी ठमाबाई गहिवरून म्हणाली, “बघा, गाडी देवीच्या पाया पडली. आमच्या पोरांना त्ये पन जमत नाय.” बायकांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, आणि माझी कॉलर ताठ झाली. पुढच्याच आठवड्यात तिने परमिट रूमच्या दारातही तस्संच लोटांगण घातलं. तेव्हा ठमाबाई काही बोलली नाही, बाकी सगळं गाव बोललं. बोलणं व्याह्यांच्या कानापर्यंत गेलं. मला लाज वाटली आणि खरं सांगतो, तुमचा रागही आला. पण जावयावर रागवायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

तर दहा सालचंही टाळा. कळंबोलीला अकरा सालची एक पांढरीशुभ्र गाडी विकायला आहे. ती डोळे झाकून घ्या.

ताईला आठवण सांगा.

तुमचा मेहुणा,
दीनानाथ

ता. क. गाडी या आठवड्यातच घ्या. मनस्वीचं लग्न पुढच्या पंधरवड्यात आहे आणि नवरदेवाला आणायला तीच गाडी लागेल. काकांच्या मायेने म्हणा, आत्याच्या यजमानांना एवढं करावंच लागतं.

पुन्हा ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “समदं सांग त्यांना. जावयाला फसवायचं नाय.” म्हणून सांगतो. मेकॅनिक म्हणतो, त्या अकरा सालच्या गाडीच्या इंजिनाची गळती नुसती बुजवलेली आहे. महिनाभर ती ब्र काढणार नाही, मग तापून बसेल ती कायमची. आमच्या घरचं लग्न महिन्याच्या आत उरकतंय. आणि जावयाने फसवलेलं चालतं का, हे मी आईला विचारलं नाही. तुम्हाला विचारतो.