झुंबरशेठच्या पंपावरचं पहिलं माप

३ नोव्हेंबर
निरीक्षक म्हणून रुजू झाले. घरातली पहिली पदवीधर मीच, पहिली सरकारी नोकरीही मलाच. काम पेट्रोल पंपांची मापं तपासण्याचं. ठराव: पंपवाल्याचा चहासुद्धा घ्यायचा नाही.
बाबांचा फोन. ते सुरगाणा-नाशिक जीप चालवतात. म्हणाले, पोरी, आधी त्या झुंबरशेठचा पंप बघ. लय कमी डिझेल सोडतो, आन् आमचं कोणी ऐकत नाय. सांगितलं, आता मी आहे.

५ नोव्हेंबर
प्रफुल्ल सर माझे साहेब. त्यांना म्हटलं, झुंबरशेठकडे अचानक जाऊ. म्हणाले, जाऊ की, अचानक किती वाजता ते शेठना विचारून घ्या. आपली गाडी बंद आहे, ते त्यांची पाठवतात.
सर फेब्रुवारीत रिटायर होऊन तेल कंपनीत सल्लागार होणार. कंपनीत आपला माणूस असलेला खात्याच्या फायद्याचाच.

७ नोव्हेंबर, सकाळ
शेठच्या गाडीत एसी. मी काच उघडी ठेवली. तत्त्व म्हणून.

संध्याकाळ
दमले. पाच लिटरचं माप भरलं, डिझेल रेषेच्या बरंच खाली. पंप बंद करायला निघाले, तर सर म्हणाले, मॅडम, पहिलं माप धरत नाहीत, भांडं कोरडं असतं. नियम खराच तसा आहे.
मग कंपनीचा मेकॅनिक मशीनमध्ये डोकं घालून बसला. तोवर चहा. (उभ्यानेच घेतला. तो धरत नाहीत.) दुसरं माप बरोबर रेषेवर.
कोरडं भांडं एवढं डिझेल पितं का, विचारलं. सर म्हणाले, नाशिकची हवा.
सही केली. डोळ्यांनी पाहिलं त्यावरच केली.

१२ नोव्हेंबर
पंपावर फ्लेक्स. हातात माप घेतलेली मी. 'सुरगाण्याची सुकन्या कु. निकिता मंगळू गावित यांनी तपासलेला पंप.' उतरवायला सांगणार होते, पण बाबांनी तोवर जीपवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. आता सगळे तिथेच भरतात. आतून सुधारणा करायची तर आधी आत शिरावं लागतं. जानेवारीपासून कडक.

२३ नोव्हेंबर, दुपार
वणीच्या पुढून बाबांचा फोन. जीप रस्त्यात बंद, टाकी कोरडी. पॅसेंजर शिव्या देत चालत निघाले. सकाळीच झुंबरशेठकडे भरलं होतं. म्हणाले, पंपाचा दोष नाय, तू तपासलाय. गाडीच म्हातारी झाली, लय पिते. विकून टाकतो. तू शिकलेली, तूच सांग.
मी म्हणाले, आधी टाकी गळते का बघा.
फोन चालू ठेवूनच ते जीपखाली शिरले. धापा ऐकू येत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाले, गळत तर नाय, पोरी.
मी म्हणाले, नीट बघा.