डाव्या हाताला बसलेली बाई

३ नोव्हेंबर १९०९, देवास

हसा, मुंबईकर मित्रांनो, खुशाल हसा! मुंबईत डॉक्टरी शिकून देवासला आलो म्हणजे माझं डोकं फिरलं, असंच ना? आधी येऊन बघा, मग भांडा. इथं एका गावाला दोन राजे आहेत, एक थोरल्या पातीचा, एक धाकट्या पातीचा. घरून दवाखान्याकडे निघालं की उजव्या हाताची दुकानं थोरल्या पातीची, डाव्या हाताची धाकट्या पातीची. मी थोरल्या पातीचा नोकर. इंदूरहून टांग्यात आदळत आलो, पण उतरल्या उतरल्या अक्कानं असे दाल-बाफले वाढले की हाडांची तक्रार बंद. अक्का माझी लांबची मावशी, तिच्याच माडीवर राहतो. कंपाउंडर शालिग्राम आधी मला ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणाला, मग जीभ चावून ‘डाक्टर साब’. मी म्हटलं, भियाच बरं.

११ नोव्हेंबर

सकाळी डोकं ठणकतं. ओकारी झाली की हलकं वाटतं. अक्का म्हणते, तूप कमी पडतंय. तिच्याकडे सगळ्या रोगांवर तूपच.

आणखी एक. अधूनमधून वास येतो. उदाचा, आणि त्यात केस करपल्याचा. बायका न्हाऊन शेगडीवर केसांना ऊद देतात, त्यात एखादी बट निखाऱ्यावर पडावी तसा. येतो आणि जातो. अक्काला विचारलं, आज घरात कोण न्हालं? ती पदर सारखा करत म्हणाली, मेल्या, घरात बाईमाणूस मी एकटी, आणि मी सोवळी. मला कुठले रे केस?

१९ नोव्हेंबर

भलतंच लचांड झालं. धाकट्या पातीचे सरदार मानसिंगराव बाजारात मला रामराम करत होते म्हणे, आणि मी मान ताठ ठेवून पुढं गेलो. आज त्यांची तक्रार थेट दरबारात. थोरल्यांच्या डॉक्टराला धाकट्यांची माणसं दिसत नाहीत काय? आमच्या कचेरीत तर आनंदीआनंद! शाबास डॉक्टर, त्यांची अशीच जिरवायला हवी होती. पाठ थोपटून थोपटून दुखवली माझी.

मी कुणाची जिरवली नव्हती. मानसिंगराव हत्तीएवढा माणूस. माझ्या डाव्या हाताला उभा होता आणि मला तो दिसलाच नाही.

घरी येऊन नाकासमोर बघत बसलो आणि डावीकडून पेन्सिल हळूहळू पुढं आणली. नाकाशी येईपर्यंत पेन्सिल नव्हतीच. एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन्हींचं तेच. म्हणजे दोष डोळ्यात नाही. त्याच्या मागे आहे. मेंदूत, उजव्या बाजूला, काहीतरी दाबतंय.

२४ नोव्हेंबर

जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथं आता एक बाई दिसते.

आधी वास, मग ती. शेगडीवर वाकलेली, ओले केस पुढं सोडलेले. तोंड दिसत नाही. मान वळवली की तीही तेवढीच सरकते. मेंदूत गाठ वाढली की असे भास होतात, पुस्तकात आहे. पुस्तकात आहे. पुन्हा काढून वाचलं.

अक्का म्हणते, टेकडीवर देवीकडे चल, बाई कुणाची ते देवी सांगेल. मी ओरडलो, गाठ आहे, गाठ! कवटी उघडून गाठ कापता येते. बाई कशी कापणार? अक्का म्हणाली, एवढं छातीठोक सांगतोस, मग थरथरतोस कशाला?

मुंबईला माझ्या जुन्या सर्जनसाहेबांना तार केली.

२७ नोव्हेंबर

गाठ असेल तर डोळ्याच्या तळाशी सूज दिसते. पण स्वतःच्या डोळ्यात स्वतःला बघता येत नाही. म्हणून शालिग्रामला डोळ्यात बघायचा भोकाचा आरसा धरायला शिकवलं. आधी अक्काच्या डोळ्यात बघ म्हटलं. आत डोळ्याच्या नसेचं टोक, जसा पुनवेचा चांद, कडा साफ. मग माझ्या.

बराच वेळ बघत होता. म्हणाला, साब, चांद की कोर ही नहीं है, सूज गया है.

मी मिठी मारली त्याला! सूज म्हणजे गाठ, आणि गाठ म्हणजे बाई नाही! म्हटलं, जा, पेढे आण.

त्यानं आरसा खाली ठेवला, हात धोतराला पुसले. मग हळूच विचारलं — भिया, और वो बाई कौन है? चांद के आगे बैठी, बाल सुखा रही है.

मी त्याच्याशी बाईबद्दल कधी बोललेलो नाही. अक्काही देवाची शपथ घेते, नाही बोलली.

२८ नोव्हेंबर

शालिग्राम कामावर आला नाही. निरोप आला, बागलीला बहिणीकडे गेला.

डावा हात जड. पेला सुटला, कळलंही नाही.

आज तिनं केस मागं सारायला घेतले. एक हात —

२९

कपाळ दिसलं. कपाळापर्यंतच बघितलं मी, मग डोळे — मिटूनही दिसते. मिटून जास्त —

३०

तार आली. या, उघडून बघू, म्हणतात सर्जनसाहेब. इंदूरपर्यंत टांगा, पुढं रेल्वे.

गाठ आहे. शालिग्रामनं पाहिली, म्हणजे आहे. पण त्यानं तिलाही — म्हणजे गाठही खरी आणि ती गाठीच्या —

कवटी उघडली की गाठ निघेल. मी जगेन. आणि ती? जागा मोकळी झाल्यावर ती कुठं —

सर्जनसाहेबांना सांगायला हवं. सांगितलं तर हात लावणार नाहीत. मला मरायचं नाहीये हो. सव्वीस वर्षांचा आहे मी. नाही सांगणार.

आता तुम्ही म्हणाल — नका म्हणू. काही म्हणू नका. टांगेवाला हाका मारतोय, अक्का ट्रंक खाली नेतेय. निघालो मी. एवढंच करा, ते कवटी उजव्या बाजूनं उघडतील, त्या बाजूला कुणी उभं राहू न