पंधरा सेकंदांचा रस्ता

३ मार्च, सोमवार

आमच्या चौकातला पादचारी सिग्नल आजपासून पंधरा सेकंदांचा. आधी पंचवीसचा होता. रस्ता अठरा मीटर, माणसाची चाल सेकंदाला १.२ मीटर. भागाकार केला, झालं. ताशी किती, तर गुणिले अठरा छेद पाच: ४.३२ किलोमीटर. ही चाल नव्हे, रांगणं. गाड्यांचे दहा सेकंद वाचवले. साहेब ‘बरं’ म्हणाले. साहेबांचं ‘बरं’ म्हणजे इतरांची शाबासकी.

संकल्प: रोजनिशी रोज लिहायची.

९ मार्च, रविवार

मधले दिवस कामाचे होते.

आई आली नाही. दर रविवारी दहाला येते. धाकट्या भावाकडे असते, चौकापलीकडे. आमच्या खिडकीतून त्यांची गॅलरी दिसते. बायकोने फोन केला, तर म्हणे गुडघा कुरकुरतोय. गुडघा सहा वर्षं कुरकुरतोय, रविवार एकही चुकला नव्हता. धाकट्याच्या बायकोने कान भरले असणार.

११ मार्च

सिग्नलबद्दल तक्रार. पलीकडच्या इमारतीतले एक निवृत्त मास्तर. म्हणे म्हातारी माणसं ताशी अडीच किलोमीटरने चालतात, पंधरा सेकंदांत रस्त्याच्या मध्यावरच राहतात. खाली सतरा सह्या. वाचल्या नाहीत.

अडीच गुणिले अठरा छेद पाच. सेकंदाला नऊ मीटर. उत्तर पाठवलं: ‘आपण नमूद केलेल्या वेगाने रस्ता दोन सेकंदांत पार होतो. उर्वरित तेरा सेकंद सवलतीचे समजावेत.’ साहेबांनी न वाचता सही केली. माझ्यावर विश्वास आहे.

१६ मार्च, रविवार

आई नाही. बायको म्हणाली, तुम्ही जाऊन या, रस्ताच तर ओलांडायचाय. मी म्हटलं, मी थोरला आहे. आणि पंधरा सेकंदांचा रस्ता ज्याला यायचंय त्याला लांब नाही.

पुढच्या रविवारी आली नाही, तर मात्र जायचं. नक्की.

१८ मार्च, दुपारी ३

मास्तर ऑफिसात आले. मी बसा म्हणालो नाही, ते बसले. माझंच पत्र माझ्यापुढे ठेवलं.

“साहेब, सेकंदाला नऊ मीटर मी तरुणपणीसुद्धा धावलो नाही. अपूर्णांक उलटा घेतलात. पाच छेद अठरा हवा होता. सातवीतली पोरं नेमकी इथेच चुकतात.”

चिडले असते तर बरं झालं असतं. समजूत घालत होते.

ते गेल्यावर करून पाहिलं. सेकंदाला ०.६९ मीटर. रस्त्याला सव्वीस सेकंद. पण फाइल बंद झालेली. सही साहेबांची. म्हणजे चूक आता माझी एकट्याची राहिलेली नाही.

अर्जावरच्या सह्या आज वाचल्या. सहावी आईची. थोरल्या मुलाला सांगायचं सोडून ऑफिसात अर्ज.

२३ मार्च, रविवार

गेलो नाही. राग आहे.

दहाच्या सुमाराला खिडकीत उभा होतो. आई खाली आली. हातात पिशवी. सिग्नल हिरवा झाला, तिने पाय खाली टाकला, मागे घेतला. पुन्हा हिरवा झाला, पुन्हा तेच. मग परत वर गेली.

कुणाकडे तरी निघाली असावी. बायकोला सांगितलं नाही.

२६ मार्च

चूक सांगायची ठरवून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, तुमचे पंधरा सेकंद आता चाळीस चौकांना लावतोय, टिपणीत तुमचं नाव घातलंय. मी म्हणालो, बरं.

३० मार्च, रविवार

प्रत्यक्ष मोजणी असली तर फाइल उघडता येते. म्हणून आईला आणायला गेलो. तयारच होती. म्हणाली, म्हटलं तू कामात असशील. अर्जाचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

फुटपाथवर तिला सांगितलं, नेहमीसारखी चाल. मी दोन पावलं मागे, हातात स्टॉपवॉच. पंधराव्या सेकंदाला ती मध्याच्या थोडी पुढे. गाड्या सुटल्या. एक टेम्पो तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर म्हणाला, आजी, मरायला आमचीच गाडी सापडली का. मी आकडा सोडला नाही. सत्तावीस सेकंद. भागिले, मग गुणिले अठरा छेद पाच. या वेळी बरोबर. ताशी २.४.

आई पलीकडच्या खांबाला धरून उभी होती. श्वास आल्यावर म्हणाली, “झाले का रे मी पास?”

संध्याकाळी बायको तिचा हात धरून तिला पोचवायला गेली. मी खिडकीतून मोजलं. गाड्या हॉर्न मारत थांबल्या होत्या. एकतीस सेकंद. हात धरला की वेग आणखी कमी होतो. ही नोंद फाइलला उपयोगाची नाही.