फोनवरचं आवतन

माकणी, मंगळवार, दिवे लावल्यावर

उद्या आमच्या दत्ताचं तेरावं. आई दुपारपासून डाळ निवडत बसलेली. मधेच म्हणाली, "पोरी, त्याच्या दवाखान्याला ज्यांनी फोनवरून पैसे धाडले, त्यांना जेवायचं आवतन दिलं का?"

मला रागच आला. म्हटलं, "आई, ती कुठली कोण, आपल्याला काय ठाऊक? नुसती नावं दिसतात. कितीकांनी तर नावही दिलेलं नाही."

"आन् गाव?"

"गाव नसतं तिथं."

तिचा हात थांबला. "गाव न्हाय? मग दत्ता गेल्याचा सांगावा कसा धाडलास?"

धाडलाच नव्हता. पावण्यारावळ्यांना त्याच दिवशी फोन केले. ह्यांना का नाही? मदतीसाठी मीच फोनवर काढलेल्या त्या पानावर माझा धाकटा भाऊ अजून हसतोय. वर 'दत्ताला वाचवा' तसंच आहे. आज सकाळीही कुणीतरी शंभर रुपये टाकले, खाली लिहिलं, लवकर बरा हो भाऊ. कोण असेल? गाव कोणतं?

शेवटी आत्ता आईशेजारी बसून त्याच पानावर लिहिलं: दत्ता गेला. आता पैसे पाठवू नका. पुढचं आईनं सांगितलं तसंच लिहिलं: उद्या दुपारी जेवायला या. गाव माकणी, तालुका लोहारा.

कोण येणार आहे? एवढं कळत नाही का तिला?

कळतं. तरी उठली, आणि डब्यातली आणखी दोन ओंजळी डाळ सुपात ओतली.